कराड ते गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी: चार दिवसांची सहल भरती-ओहोटीवर कशी बेतायची

सातारा-सांगलीकडून कोकणात उतरणाऱ्या बऱ्याच सहली एकाच जागी चुकतात. तारीख सुट्टी बघून ठरते, वेळापत्रक किलोमीटर बघून ठरतं आणि समुद्राची वेळ कुणीच बघत नाही. मग हेदवीला, जिथे खडकातल्या घळीतून भरतीच्या पाण्याचा फवारा उडतो, ऐन ओहोटीत पोचून कोरडी घळ बघावी लागते. फेरीबोटीच्या रांगेत दुपार जाते. सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी मुलांना पाण्यात सोडलं जातं ते पाणी आत ओढत असतानाच. खालचा क्रम पाळला तर हे सगळं टळतं. क्रम मात्र बदलू नका. आधी तिथी, मग मुक्काम, मग घाट आणि शेवटी जागांची यादी.

मार्ग असा: कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर (दोन मुक्काम), वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरीबोट, मालगुंड-गणपतीपुळे (एक मुक्काम), आरे-वारे, रत्नागिरी आणि आंबा घाटातून परत.

१. आधी तिथी बघा, मग तारीख ठरवा

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. भरती ते ओहोटी हे अंतर सव्वासहा तासांच्या आसपास असतं. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येतील तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नवाच्या आगेमागे ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. आकडा प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून धरायचा.

या चार दिवसांसाठी सर्वात सोयीची सुरुवात द्वादशीची. कारण आकड्यांतच दिसेल:

- द्वादशी: भरती सकाळी ९, ओहोटी दुपारी सव्वातीन
- त्रयोदशी: भरती पावणेदहा, ओहोटी चार
- चतुर्दशी: भरती साडेदहा, ओहोटी पावणेपाच
- पौर्णिमा किंवा अमावास्या: भरती सव्वाअकरा, ओहोटी साडेपाच

म्हणजे पहिल्या दोन दिवशी तुम्ही किनाऱ्यावर जाल त्या वेळी ओहोटी संपून पाणी चढायला लागलेलं असतं, पुळण (वाळूचा किनारा) रुंद मिळते, आणि हेदवीचा कार्यक्रम चतुर्दशीच्या सकाळी साडेदहाच्या भरतीत बसतो. याउलट पंचमी ते अष्टमीला गेलात तर संध्याकाळी पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं आणि चालायला वाळूची चिंचोळी पट्टी उरते.

घरात अमावास्येला प्रवास नको म्हणणारे असतील तर शुक्ल पक्षातली द्वादशी धरा. रात्री चांदणंही मिळतं.

तपासणी: पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर आणखी थोडा. तारीख या हिशेबाने ठरवा, पण निघण्याआधी मोबाइलवर रत्नागिरी बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून चारही दिवसांच्या वेळा कागदावर लिहा. मुंबईच्या वेळा घेऊ नका, त्या वेगळ्या असतात.

इशारा: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची भरती उधाणाची. पाणी जास्त चढतं, तितकंच जास्त उतरतं आणि ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिचा जोर कमी. आपण उधाणाचे दिवस निवडतोय, कारण वेळा जुळतात. म्हणून सहावा टप्पा घरातल्या प्रत्येकाने वाचायचा आहे.

महिन्यांबद्दल थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कासवाची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. मे महिन्यात जांभ्याचे सडे (तांबड्या दगडाची उघडी पठारं) इतके तापतात की किल्ल्यावर अकरानंतर लहान मुलं टिकत नाहीत. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि कुंभार्लीत दरडींची भीती असते. त्या दिवसांत ही सहल करू नका. अंगारकी चतुर्थी आणि माघी गणेशोत्सवात गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच दिवस जातो.

२. मुक्काम ठरवताना फोनवर काय विचारायचं

गुहागरला दोन रात्री, मालगुंड किंवा गणपतीपुळ्याला एक. रोज नवा मुक्काम केला की अर्धा वेळ बॅगा भरण्यात जातो. गुहागर नको असेल तर वेळणेश्वर घ्या, पण मग अंजनवेलच्या किल्ल्यावर जायला मागे फिरावं लागेल.

घरगुती मुक्कामाला फोन करताना फक्त दर विचारून ठेवून देतात, ही नेहमीची चूक. हे प्रश्न विचारा:

- घरापासून पुळणीपर्यंत किती मिनिटं चालायचं? "जवळच आहे" हे उत्तर पुरेसं नाही. वाटेत पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) असेल तर गुडघे दुखणाऱ्यांचं काय, तेही विचारा.
- जेवणाची ऑर्डर किती वाजेपर्यंत द्यायची? इथे स्वयंपाक ताटांचा आकडा धरून होतो. दुपारच्या जेवणाचा आकडा सकाळी नाश्त्याच्या वेळीच आणि रात्रीचा चारच्या आत सांगायचा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी.
- मासळीच्या ताटाचा दर ठरलेला आहे की मासळीप्रमाणे बदलतो? सुरमई आणि पापलेटच्या ताटात आणि बांगड्याच्या ताटात बराच फरक पडतो. बिल आल्यावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.
- शाकाहारी मंडळींसाठी भांडी आणि चूल वेगळी लागते का, हे तुम्ही स्वतःहून सांगा.
- आगाऊ रक्कम किती, आणि रद्द केल्यास परत किती? उत्तर मेसेजवर लेखी घ्या.

आपल्याकडच्या तिखटाची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी कोकणी जेवण नारळामुळे गोडसर लागतं. म्हणून रस्सा वेगळा तिखट करायला सांगतात आणि रात्री पोट बिघडतं. पहिल्या रात्री कुळथाची पिठी, भात, सोलकढी असं हलकं घ्या. मासळीवर ताव दुसऱ्या दिवशी मारा.

३. गाडी आणि सामान

गाडीत चार गोष्टी बघायच्या: ब्रेक पॅडची जाडी, कूलंटची पातळी, स्टेपनीतली हवा आणि वायपर. स्टेपनी सगळे विसरतात. फेरीबोटीच्या धक्क्याजवळ टायर बसला आणि स्टेपनीतही हवा नसली तर मदत यायला तास-दीड तास जातो.

इंधन चिपळूणला किंवा शृंगारतळीला पूर्ण भरा. तिथून पुढे हेदवी-तवसाळ पट्ट्यात अर्ध्या टाकीवर फिरू नका. रोख पैसे चिपळूणलाच काढा, कारण किनाऱ्यालगतच्या गावांत नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देणंही थांबतं. नकाशा आणि भरतीच्या वेळा ऑफलाइन साठवून ठेवा.

सामानात एवढं नक्की असावं:

- मागे पट्टा असलेली रबरी सॅन्डल, प्रत्येकाला एक जोड. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. साध्या चपला लाटेत वाहून जातात आणि त्या पकडायला गेलेला माणूस पडतो.
- पाण्यात उतरण्यासाठी पातळ, तोकडे, अंगालगत बसणारे कपडे. साडी आणि जीन्स पाणी पिऊन जड होतात, पायात अडकतात. कमरेएवढ्या पाण्यातही माणूस उठू शकत नाही तो यामुळेच.
- टोपी, माणशी किमान दोन लिटर पाणी, मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटं, चिमटा, जंतुनाशक, पट्ट्या.
- गाडी लागणाऱ्यांसाठी गोळी, डॉक्टरांना विचारून. घाट सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग होत नाही. पाटण सोडतानाच द्या.
- जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या: एक ओल्या कपड्यांना, एक कचऱ्याला.

४. पहिला दिवस: कुंभार्ली घाट दुपारच्या आत उतरा

सांगलीहून निघालात तर पेठ नाक्यावरून कराड, साताऱ्याहून थेट महामार्गाने कराड. विटा-जत भागातल्यांना गुहागर-विजापूर रस्ता दारातूनच जातो, त्यांनी तोच धरावा. कराडपासून चिपळूण साधारण शंभर किलोमीटर आणि तिथून गुहागर ४५ च्या आसपास. थांबे धरून कराड ते गुहागर पाच तास पकडा. कराड सकाळी नऊला सोडलं की दुपारी दोनपर्यंत गुहागर.

या रस्त्याची एक गोष्ट मुलांना गाडीतच सांगा, म्हणजे पुढचे चार दिवस त्यांना जोडता येतील. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. कराड ते हेळवाक तुम्ही तिच्या काठाने उलटे चालता. पण धरणात अडवलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेला आहे. पोफळी भागातल्या वीजघरांतून वीज तयार झाली की ते पाणी वाशिष्ठी नदीत जातं, चिपळूणवरून वाहतं आणि दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळतं. दुसऱ्या दिवशी अंजनवेलच्या किल्ल्यावरून जे खाडीचं तोंड दिसतं, त्यात आपल्या सातारा जिल्ह्यात पडलेला पाऊसही मिसळलेला असतो.

घाट उतरण्याची पद्धत:

(अ) हेळवाकला थांबून पाच मिनिटं विश्रांती घ्या. चाकांजवळ हात नेऊन ब्रेक तापलेत का बघा, पण धातूला हात लावू नका.

(आ) ज्या गिअरमध्ये हा चढ गाडी चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरायचं. बहुतेक वळणांवर दुसरा. ऑटोमॅटिक गाडीत हाताने खालचा गिअर निवडा. इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्या.

(इ) ब्रेक सलग दाबून ठेवू नका. थोडा दाबा, वेग उतरवा, सोडा. सलग दाबला की पॅड तापतात आणि ऐन वळणावर पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. जळका वास आला की रुंद जागा बघून वीस मिनिटं थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.

(ई) न्यूट्रलमध्ये उतरू नका. इंधन वाचत नाही, ताबा मात्र जातो.

अवजड ट्रकच्या मागे अडकलात तर अंतर ठेवून मागेच राहा. आंधळ्या वळणावर पुढे काढून जी पाच मिनिटं वाचतात, ती पुढच्या ट्रकमागे पुन्हा जातात.

चिपळूणहून मार्गताम्हाणे, शृंगारतळी, गुहागर. शृंगारतळीला मोठी बाजारपेठ आहे. फळं, औषधं, विसरलेलं सगळं तिथे घ्या.

पहिल्या संध्याकाळी कुठेही फिरायला जाऊ नका. चारच्या सुमारास ओहोटी संपून पाणी चढू लागलेलं असतं. पुळणीवर बसा, पाणी नीट बघा. पाण्यात उतरायचं असेल तर सहावा टप्पा आधी.

५. दुसरा दिवस: गुहागर आणि अंजनवेल

सकाळी लवकर, सातच्या आत, पुळणीवर. गुहागरची पुळण कित्येक किलोमीटर सरळ जाते. कासवाच्या हंगामात इथे ऑलिव्ह रिडले मादी रात्री अंडी घालून जाते आणि वन विभागाची माणसं ती कुंपण केलेल्या जागेत हलवतात. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, मग सकाळी किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात. पिल्लं निघणं ठरवून होत नाही. म्हणून मुक्कामाच्या घरच्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा. खबर त्यांच्याकडे येते.

बघताना दोरीच्या बाहेर राहा, पिल्लांना हात लावू नका, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात. टॉर्च लावली की ती समुद्र सोडून तुमच्याकडे येतात.

इशारा: पुळणीवर गाडी नेऊ नका, कुणी "चालतं हो" म्हटलं तरी. टायरखाली वाळूतली घरटी दबतात. शिवाय ओलसर दिसणारी वाळू वरून घट्ट आणि खालून मऊ असते, चाक रुतलं की रेस दिल्यावर आणखी खोल जातं आणि तोवर भरती येते. रुतलीच तर रेस देणं लगेच थांबवा, चारही टायरची हवा निम्म्याच्या थोडी वर येईपर्यंत सोडा, चाकासमोरची वाळू हाताने उकरून पायपुसणी किंवा फळी सरकवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू काढा. हवा पुन्हा भरेपर्यंत वेग अजिबात वाढवू नका.

नाश्त्यानंतर व्याडेश्वराचं दर्शन आणि मग अंजनवेल. तिथला गोपाळगड किल्ला गुहागरपासून जवळ आहे. अकराच्या आत तिथे पोचा, कारण आत सावली कमी आहे. हा किल्ला कशासाठी बांधला हे आत फिरून नव्हे, तटावर उभं राहिल्यावर कळतं. समोर दाभोळ, मध्ये वाशिष्ठीच्या खाडीचं तोंड. दाभोळ हे जुनं मोठं बंदर होतं, आणि आत जाणारं प्रत्येक जहाज या तटाखालून जायचं. खंदक कुठल्या बाजूला आहे तेही बघा: जिथून जमिनीवरून हल्ला होऊ शकतो त्या बाजूला. समुद्राकडे त्याची गरज नव्हती. या दोन गोष्टी एवढ्या बघितल्या तरी किल्ला कळतो.

तटाच्या कडेला मुलांना सोडू नका. जांभ्याचा चिरा वरून अखंड दिसतो, पण झाडांच्या मुळांनी आतून सुटलेला असतो. जवळच तालकेश्वर मंदिर आणि दीपगृह आहे, तिथून दुपारी जेवायला परत.

६. पाण्यात उतरण्याआधी

दर वर्षी या किनाऱ्यावर माणसं बुडतात, आणि त्यात घाटावरून आलेले बरेच असतात. नदीत, विहिरीत पोहायला येणाऱ्याला वाटतं आपल्याला पोहता येतं. कृष्णेचं पाणी एका दिशेला वाहतं. समुद्राचं पाणी मात्र लाटेबरोबर किनाऱ्याकडे येतं आणि ठरावीक जागांतून परत समुद्राकडे ओढलं जातं.

पहिली पायरी, दहा मिनिटं बघणं. पाण्यात पाय न घालता किनाऱ्यावर उभं राहा. लाटा सगळीकडे फुटत असतील आणि मध्येच एक पट्टा शांत, थोडा गडद, फेस नसलेला दिसत असेल, तर ओढ तिथेच असते. नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो, कारण तिथे लाटा दिसत नाहीत. नारळाची करवंटी टाकून बघा. ती सरळ समुद्राकडे जाऊ लागली तर ती जागा सोडा.

दुसरी पायरी, विचारणं. गावातल्या माणसाला "इथे पोहता येतं का" असं विचारू नका, "तुमची पोरं कुठे उतरतात" असं विचारा. उत्तर जास्त नेमकं मिळतं.

तिसरी पायरी, वेळ. ओहोटी लागल्यावर उतरायचं नाही. पाणी चढत असताना, उजेडात आणि मावळतीच्या अर्धा तास आधीपर्यंतच. पाणी सर्वात वेगाने चढतं ते भरतीच्या मधल्या दोन तासांत, तेव्हा खडकांवर थांबू नका. मागची वाट बंद होते.

चौथी पायरी, खोली. लहान मुलं गुडघ्यापर्यंत, मोठी माणसं कमरेपर्यंत. प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. जेवणानंतर लगेच नाही, दारू प्यायलेला कुणीही नाही. खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या कडेला आणि नवीन जागी कधीच नाही.

ओढीत सापडलात तर: किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. दमून माणूस तिथेच बुडतो. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा सहसा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. बाहेर उभ्या असलेल्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. दोर, ट्यूब, रिकामा झाकणबंद कॅन, जे तरंगेल ते फेका आणि ११२ वर फोन करा.

जेलीफिश डसली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा. गोडं पाणी ओतू नका आणि चोळू नका, त्याने जळजळ वाढते. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

७. तिसरा दिवस: वेळणेश्वर, हेदवी, फेरीबोट

या दिवसाचा क्रम उलटवू नका. साडेसातला गुहागर सोडा, वेळणेश्वरला मंदिर आणि पुळण अर्ध्या-पाऊण तासात, मग हेदवी. दशभुज गणेशाचं दर्शन परतताना घेतलं तरी चालेल, आधी किनारा.

हेदवीच्या पुळणीच्या टोकाला उमा-महेश्वराचं मंदिर आहे, त्याच्या मागे खडकात बामणघळ. लांब, अरुंद भेग. भरतीचं पाणी या भेगेत घुसतं, निमुळत्या जागेत कोंडतं आणि वर फवारा उडतो. म्हणून पूर्ण भरतीच्या आधी एक तास ते नंतर अर्धा तास, एवढीच वेळ. चतुर्दशीला साडेनऊ ते अकरा. ओहोटीला इथे फक्त भेग दिसते.

इशारा: घळीच्या काठावर उभं राहून फोटो काढू नका. काही लाटा लहान येतात आणि मग अचानक एक मोठी येते. खडकाचा जो भाग ओला आहे तिथे पाणी येऊन गेलेलं आहे, तिथे पुन्हा येणारच. कोरड्या खडकावर, काठापासून किमान पंधरा पावलं मागे उभं राहा. हिरवं शेवाळ असलेल्या दगडावर पाय ठेवू नका.

बारापर्यंत हेदवी सोडून तवसाळ. शास्त्री नदीच्या खाडीवरून फेरीबोट गाडीसकट जयगडला नेते. आदल्या रात्री फोन करून वेळा विचारा. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन फेऱ्या चुकू शकतात. बोटीवर चढताना चालक सोडून सगळे खाली उतरा. गाडी लावल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला. फेरी बंद असेल तर हताश होऊन चिपळूणकडे परत फिरू नका. आबलोलीवरून भातगाव पूल आणि पुढे जाकादेवी असा जमिनीवरचा रस्ता आहे.

जयगडचा किल्ला बोटीतून उतरल्यावर लगेच, पण दुपारच्या उन्हात मुलं थकलेली असतील तर फक्त खाडीकडचा तट बघा. अंजनवेलशी तुलना करा: तीच रचना, नदी वेगळी. कऱ्हाटेश्वराला पायऱ्या उतरून गोमुखाचं गोडं पाणी मिळतं, समुद्राच्या अगदी कडेला. वृद्धांना पायऱ्या परत चढायच्या आहेत हे आधी सांगा. वाटेत मालगुंडला केशवसुत स्मारक आहे, पाऊण तास पुरतो.

संध्याकाळी गणपतीपुळे. दर्शन, टेकडीची प्रदक्षिणा (साधारण एक किलोमीटर, रबरी सॅन्डल चालणार नाही, अनवाणी जायचं) आणि मग मुक्काम. इथल्या समुद्रात उतरू नका. मंदिरासमोरची पुळण निरागस दिसते, पण तळाचा उतार आणि ओढ दोन्ही फसवे आहेत. आपल्या वेळापत्रकाप्रमाणे पावणेपाचपर्यंत ओहोटीही असते. पाय भिजवले तेवढं पुरे.

८. चौथा दिवस: आरे-वारे, रत्नागिरी, परत

सातला निघा. किनाऱ्यालगतच्या आरे-वारे रस्त्याने रत्नागिरी सुमारे २५ किलोमीटर, निवळीकडून गेलात तर बरंच लांब पडतं. आरे-वारेला वरच्या वळणावरून बघा, पाण्यात उतरू नका. इथेही जीव गेले आहेत.

रत्नागिरीत सगळं बघायचा हट्ट धरला की आंबा घाटात अंधार होतो. तीनच जागा घ्या: रत्नदुर्गावरचं भगवती मंदिर, लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी इथे आणून ठेवलं. राजवाडा १९१० मध्ये बांधला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तसा दिवस येत असेल तर ते वगळा.

पाचवा दिवस हाताशी असेल तर तो कातळशिल्पांना द्या. उक्षीचा हत्ती किंवा राजापूर तालुक्यातलं कशेळी. ही चित्रं जांभ्याच्या सड्यावर उथळ कोरलेली आहेत. भर दुपारी उजेड थेट वरून पडतो, खोबणीत सावली पडत नाही आणि काहीच उठून दिसत नाही. सकाळी नवाच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर जा. रेषांवर पाय देऊ नका, त्यात पाणी किंवा खडू टाकून फोटो काढू नका.

दुपारी दोनला रत्नागिरी सोडा. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर. सांगलीकरांनी पुढे कोल्हापूरमार्गे यावं. शिराळा-कोकरूड भागातल्यांना मलकापूरहून थेट घराकडे वळता येतं. सातारकरांना मात्र संगमेश्वर-चिपळूण करून पुन्हा कुंभार्लीच चढलेली बरी. चढताना एसी बंद ठेवा, तापमानाचा काटा वर सरकला तर थांबून इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. महामार्गाचं काम सुरू असेल तर वाहतूक कधी कधी एकेरी असते, साखरप्याला चहा घेताना समोरून आलेल्या चालकांना घाटाची स्थिती विचारा.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुवून घ्या: चाकांच्या कमानी, ब्रेक, बाहेर निघालेले नटबोल्ट. खारी वाळू आणि हवेतलं मीठ अडकून राहतं आणि महिन्याभरात गंज दिसू लागतो. सॅन्डल, कॅमेऱ्याचा पट्टा, चष्मा गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. ओल्या कपड्यांची पिशवी मात्र त्याच रात्री उघडा.